तानूबाईची धूसर काच

फार वर्षांमागे डोंगराच्या कुशीतल्या एका गावात तानूबाई नावाची काच बनवणारी बाई राहायची. तिच्या भट्टीतली काच इतकी स्वच्छ निघायची, की चौकटीत बसवली आहे की नाही, हे हात लावल्यावरच कळावं.

गावाने विणकरांसाठी मोठी खोली बांधली. आत बारा माग आणि दक्षिणेला एकच मोठी खिडकी. पाटील म्हणाले, “तानूबाई, अशी काच करा की पाहुण्यांना आत बसून सगळं खोरं दिसलं पाहिजे.” तिने महिनाभर खपून तशीच काच केली. बघायला सारा गाव लोटला.

आठवडा गेला आणि म्हातारे विणकर येसबा भट्टीपाशी आले. “बाई, उद्यापासून माग सोडतोय. डोळे गेले माझे. काल मोराची मान वाकडी विणली.”

“पण परवाच तुम्ही अंगणात बसून तांदळातले खडे वेचत होतात!” तानूबाई म्हणाली.

ती तडक मागांपाशी गेली. भरदुपार होती. काचेतून ऊन सरळ आत घुसून पुढच्या मागांवर आदळत होतं. तिथले विणकर डोळे किलकिले करून बसले होते. मागच्या मागांवर अंधूक छाया होती. येसबांचा माग नेमका मध्ये, अर्धा झगझगीत आणि अर्धा काळोखा. दोष डोळ्यांचा नव्हता, तिच्या काचेचा होता.

सुताराने लाकडी झडप लावून पाहिली. ऊन थांबलं, पण उजेडही थांबला.

“लाकूड उजेड अडवतं,” तानूबाई म्हणाली. “माझी काच त्याला आला तसा सरळ सोडते. आपल्याला हवी उजेड आत घेऊन पसरवणारी काच.” तिने ओली वाळू आणि सपाट दगड मागवला.

पाटील धावत आले. “अहो, एवढी सुंदर काच घासून धूसर करणार? पाहुणे काय म्हणतील?”

“पाहुणे घटकाभर येतात, पाटील. येसबा दिवसभर बसतात.”

तिने एकवार काचेतून खोऱ्याकडे पाहिलं. महिन्याची मेहनत होती ती. मग तिने दगड टेकवला आणि तीन दिवस काच घासली.

चौथ्या दिवशी खिडकीतून खोरं दिसेना. पण उन्हाचा झगझगीत पट्टाही गेला होता आणि दुधासारखा मऊ उजेड पार बाराव्या मागापर्यंत पोचला होता.

“हे झालं कसं?” पाटलांनी विचारलं.

“काचेवर बारीक बारीक ओरखडे पडलेत. प्रत्येक ओरखडा उजेडाला निराळ्या दिशेला वळवतो. म्हणून तो सगळ्यांच्या वाट्याला येतो.”

येसबांनी वाकडी मान उसवली आणि नव्याने धागे मोजायला घेतले. संध्याकाळपर्यंत मोर ताठ उभा होता. “बाई, डोळे शाबूत आहेत की माझे!” ते लहान मुलासारखे हसले.

पाटील खूश झाले. “आता शाळेलाही हीच काच बसवा!”

“मुलं कुठे बसतात आणि फळा कुठे आहे, ते आधी बघते,” तानूबाई म्हणाली आणि शाळेच्या वाटेला लागली.

तात्पर्य एवढंच: आपलं काम चांगलं झालं का, हे बघणाऱ्याला नव्हे, वापरणाऱ्याला विचारावं.