कोरी वाळू

"पाऊसच नाही, तर पावसाळ्याचा फोटो कशाचा काढू, दादोसा?"

दादोसा, म्हणजे माझे आजेसासरे पेमाराम, गोठ्याच्या दाराशी दोर वळत बसले होते. जैसलमेरच्याही पलीकडे, वाळवंटात आमच्या घरच्या गाई. मी पुण्याहून आलेली सून, इथल्या बोलीत 'बीनणी'. वर्षभर गोठ्यासमोरची एकच जागा ऋतूमागून ऋतू टिपत होते. हिवाळा झाला, उन्हाळा झाला. पावसाळ्यावर गाडी अडली होती.

"झालेले दाखव."

मी कॅमेरा पुढे केला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हा हिवाळा?"

"नाही... तो उन्हाळा."

"बरं..."

फोटोग्राफीचा डिप्लोमा मी मनातल्या मनात तिथेच परत केला.

"वाळू एवढी कोरी कशी गं?"

मी समजावलं. गाई चरायला गेल्या की खुरांचे ठसे खराट्याने पुसायचे, माझ्या लेकीला, निमाला, माझ्या मागे चटईवर बसवायचं, मग फोटो. आजही सगळं तयार होतं. फक्त पाऊस नव्हता.

"गुरं बाहेर पडली की ती परतेपर्यंत आपण झाडत नाही, बीनणी. गेलेल्याची वाट पुसू नये."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे..."

निमा दीड वर्षाची झाली तरी पाऊल टाकत नव्हती. डॉक्टर म्हणाले, थांबा. सासूबाई म्हणाल्या, थांब. मला तेवढं एकच जमत नव्हतं. दिवसातून दहादा मी तिचे पाय चाचपायची, आणि पुन्हा तिला चटईवर बसवायची.

दादोसा उठले. निमाला उचलून वाळूत ठेवलं. चटई गुंडाळून काखेत मारली.

गोठ्यातलं वासरू आलं, तिचा कान चाटू लागलं. तिने त्याच्या गळ्यातला दोर धरला. उभी राहिली. वासरू बाजूला झालं...

मी धावले. दादोसांनी खराटा आडवा धरला.

एक पाऊल. आणखी एक. मग तिने बसकण मारली. रडली नाही. मागे वळून वाळूकडे बघत राहिली.

तिथे दोन ठसे होते, माझ्या चिमटीत मावतील एवढे.

मी वर पाहिलं. आभाळात ढगाचा मागमूस नव्हता.

"काढ फोटो, बीनणी," दादोसा म्हणाले. "वाळूत काही उगवलं. पावसाळा लागला."