नंबर एकचा मुडदा

"साहेब, मुडद्याला काय अभिनय लागतो?"

पोरगं तावातावानं विचारत व्हतं. मी क्रिचलीसाहेबाच्या गालावर वस्तरा चालवत व्हतो. साहेबाचं त्वांड साबनानं भरल्यालं. बोलायची सोय न्हाई.

मग पोरगंच बोलत ऱ्हायलं.

ही गोष्ट विलायतेतली. समुद्राकाठी म्हाताऱ्या नट-नट्यांचं एक घर हाय. जन्मभर पिक्चर केलं, टीव्ही केला, ती मानसं म्हातारपनी तितं ऱ्हात्यात. मी तितला न्हावी, कराडचा धोंडीबा. इंग्रजी मला कानानं येतं, डोळ्यानं न्हाई. तवा त्येंचं बोलनं मी माझ्याच बोलीत सांगतो.

क्रिचलीसाहेब म्हंजे विलायती टीव्हीवरचा नंबर एकचा मुडदा. तितल्या मालिकेत सारखा कुनाचातरी खून हुतो. गालिच्यावर, तळघरात, पाद्रीबुवाच्या बागंत. आन तितं साहेब पडल्यालं. उभ्या जन्मात चार वाक्यं बोलला नसंल. पन रस्त्यानं निघाला की लोकं दचकायची. "अरं, हा जित्ता हाय!"

त्या दिवशी दुपारी साहेबाचा सत्कार व्हता. केक, भाषनं आन पडद्यावर साहेबाची जुनी मढी.

त्यात हे पोरगं उपटलं. ज्युलियन नाव. नाक वर.

"नाट्यशाळंत सोन्याचा बिल्ला मिळवलाय म्या. राजं केलं, सेनापती केलं. आन टीव्हीत पयलं काम काय? नदीत फुगल्यालं मढं! एक वाक्य न्हाई! पाच वाजायच्या आत फोन करून सांगायचंय, हो का न्हाई. न्हाई म्हनलं तर दुसरं काम न्हाई. बापाच्या दुकानात मासं तळायचं."

मी म्हनलं, "मासं बरं की. तळताना त्येबी एक वाक्य बोलत न्हाईत."

पोरगं माझ्याकडं असं बघाय लागलं, की वस्तरा माझ्या हातात हाय ते बरं वाटलं.

म्या साहेबाचं त्वांड पुसलं. पोरगं गुडघ्यावर बसलं.

"साहेब, सांगा की. काय कळवू?"

साहेबानं आरशात हनुवटी बघितली. ही बाजू, ती बाजू...

"केक खाऊन जा," म्हनला.

---

हॉल भरला. साहेबाला मधल्या खुर्चीत बसवलं. टीव्ही कंपनीचा एक टकल्या भाषनाला उठला. उठला त्यो बसंना.

"ऑल्बन क्रिचली हे थोर नट आहेत. त्यांच्यासारखं निपचित पडनारं या देशात दुसरं कुनी न्हाई..."

साहेब डोळं मिटून ऐकत व्हता. मांडीवरची कपबशी जरा कलली. मग मान कलली.

मग कपबशी खाली पडून फुटली.

"मिस्टर क्रिचली?" घराची मॅनेजरीन धावली. तिनं साहेबाचा हात उचलला, सोडला. हात ओल्या टॉवेलवानी पडला.

पुढच्या रांगंतली मानसं वाकून बघाय लागली.

"डोंडी! आरसा!" मॅनेजरीन वरडली.

इंग्रजी तोंडात माझा धोंडी कवाच डोंडी झाला व्हता. खिशात आरसा मीच बाळगनार. गेलो. साहेबाच्या नाकाखाली धरला.

आरशावर वाफ आली. चांगली दाट.

म्या सगळ्यांकडं पाठ करून ती अंगठ्यानं पुसली. मग वळलो, आन हळूच मान हलवली...

मॅनेजरीन डॉक्टरला फोन कराय पळाली. टकल्यानं टोपी छातीशी धरली आन भाषन तितनंच उचललं, "थोर नट होते."

पाठीमागनं एक म्हातारा हळूच म्हनला, "त्येची समुद्राच्या खिडकीची खोली आता कुनाला?"

दुसरा म्हनला, "मान बघा मान! काय कललीया! असं पडायला जन्म जातो."

ज्युलियन भिंतीवानी पांढरा पडला व्हता. "साहेब," म्हनत व्हता, "मला अजून सांगितलं न्हाई तुमी..."

तवर कोपऱ्यातली खुर्ची करकरली.

विनिफ्रेडबाई उठल्या. ह्या एका काळच्या मोठ्या नटी. साहेबाच्या शेजारच्या टेबलावर रोज जेवायच्या, पन अबोला. कारन असं, की जवानीत एका पिक्चरमधी साहेब मुडदा, बाई त्येची बायकू. बाई रडाय लागल्या. असं रडल्या, असं रडल्या, की कॅमेरावाला डोळं पुसाय लागला. आन मुडदा शिंकला.

बाई म्हनायच्या, तसं रडू पुन्यांदा कदी आलंच न्हाई. गेलं ते गेलंच.

"बाजूला व्हा," बाई म्हनल्या. "ह्या मेल्याला मी वळखते."

सँडविचच्या ताटापाशी मिरपुडीची डबी व्हती. बाईंनी ती उचलली, टोपन काढलं, आन सगळी डबी साहेबाच्या नाकावर पालथी केली.

टकल्या शिंकला. मॅनेजरीन फोनवरनं परत आली आन शिंकली. म्या तर सोताच्या धोतरात... म्हंजे पँटीत गुतून पडाय झालो. अक्खा हॉल शिंकला.

साहेब न्हाई शिंकला.

नाकाचा केस हालला न्हाई.

बाई वाट बघत ऱ्हायल्या. डबी हातातच.

"ऑल्बन..."

"..."

"अरं, पुरं की आता. ऊठ."

"..."

बाईंनी डबी खाली ठिवली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझं सोंग माझ्याच गळ्यात अडकलं. मलाबी वाटलं, मघाची वाफ शेवटची तर नव्हती?

बाई खाली बसल्या. साहेबाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, आन रडल्या. पिक्चरवानी न्हाई. टोपी वाकडी झाली, नाक गळाय लागलं, शब्द फुटंना. ज्युलियनबी रडाय लागला. नाक वर ठेवायचंबी इसरला.

लई येळ गेला.

मग साहेबानं एकच डोळा उघडला.

"विनी, ह्या खेपंला मनाजोगतं झालं नव्हं?"

आन मग शिंकला. अशी शिंक, की वरची कवळी उडून केकात रुतली.

"मेल्या! मुडद्या!" बाईंनी टोपी काढून त्येला बडव-बडव बडवला. बडवता बडवता धाप लागली. मग शेजारच्या खुर्चीत बसल्या, साहेबाचा हात धरला, आन सोडलाच न्हाई. टकल्या इचारत व्हता, भाषन आता 'आहेत' पासनं धरू का 'होते' पासनं.

ज्युलियन डोळं पुशीत फोनकडं गेला. मी मागनं कान दिला.

"हां... येतो. मढंच. ...काय? एखादं वाक्य घालता? न्हाई न्हाई. वाक्य नको."

परत आला, आन साहेबाच्या पायाशी बसला. आवाज पार खाली आल्याला.

"साहेब, येवढंच सांगा. मी समूर व्हतो. सगळी मिरी नाकात गेली. शिंक दाबली कशी?"

साहेबानं एका हातानं केकातली कवळी उपसली. दुसरा हात बाईंकडं व्हता. कवळी चाटली, तोंडात बसवली.

"मुडद्याला शिंक येतच न्हाई. दाबली असती," म्हनला, "तर विनी रडली असती व्हय?"