जुडग्यातली पाचवी चावी

“...आणि यात काही राहिलंय का, तेवढं सांगा.”

कॉमर्सचे प्राध्यापक धनंजय अष्टेकर यांनी इनायतबाबांपुढे कागद धरला. मिरजेबाहेरच्या तकियात, फकिराच्या त्या उघड्या मठीत, बाबा एकटेच बसले होते.

अष्टेकर तिसऱ्या मजल्यावरचं आपलं घर विकणार होते. इमारतीला लिफ्ट नव्हती. गुडघ्यांमुळे त्यांची बायको सुनंदा आठ महिने खाली उतरली नव्हती. दोन गल्ल्या सोडून तळमजल्याचं एक घर ठरलं होतं.

“दलाली, वकील, नफ्यावरचा कर, सोसायटीचे पैसे, रंग, हमाल. सगळं धरलंय,” अष्टेकर म्हणाले. “वीस वर्षं हेच शिकवतो मी.”

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

“सुनंदा म्हणाली, एकदा बाबांना विचारा. पण तुमच्या तकियाला तर दारसुद्धा नाही. तुम्हाला घरविक्रीतलं काय...”

बाबा हसले.

“खिशात काय वाजतंय?”

“चाव्या.”

बाबांनी हात पुढे केला. जुडगं तळहातावर तोललं.

“एका घराला पाच कुलपं?”

“आमची एकच. बाकीच्या शेजाऱ्यांच्या. सुनंदा कायम घरात असते, म्हणून बाहेर जाताना सगळे आमच्याकडे ठेवून जातात.”

“या कागदावर कुठे आहेत त्या?”

अष्टेकरांनी कागद पाहिला. उलटून पाहिला...

“परत करायच्या. त्यात कसला आलाय खर्च?”

“मग कर की. स्वतः. एकेका दारात जाऊन.”

पंधरा दिवसांनी अष्टेकर आले, ते लांबूनच ओरडत.

“घेईनात, बाबा! एकही घेईना!”

“काय घेईनात?”

“चाव्या! पहिल्याच दारात चावी पुढे केली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. असला खर्च कुठे मांडायचा, कुणी शिकवलंच नव्हतं मला...”

बाबांनी ‘पुढे बोल’ अशी मान हलवली.

“पण त्या दारातल्या बन्नेकाकूच म्हणाल्या, ‘ठेवा ती खिशात, सर. वहिनी तळमजल्यावर येणार, म्हणजे चावीसाठी जिने चढायचं वाचलं माझं!’ चारही दारांत तेच.”

“सुनंदा उतरली?”

“उतरली? उतरवली! खुर्चीत बसवून. चार घरांतले चौघे, चार पायांना. गल्लीत शिट्ट्या वाजल्या. मी म्हटलं, आवरा रे. तर ही म्हणते, ‘सावकाश चला, मेल्यांनो. आठ महिन्यांनी निघालेय, बघू दे सगळ्यांना!’”

अष्टेकरांनी डोळे पुसले. मग खिशातून तोच कागद काढला. हमालांची ओळ खोडलेली होती.

“सामानही त्यांनीच नेलं.”

“आणि घर?”

“विकलं. परवा नोंदणी झाली. तिथेच घर घेणाऱ्या बेडग्यांच्या हातात चावी दिली. औषध कंपनीत आहेत ते, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर...”

अष्टेकरांनी जुडगं वर धरलं. उन्हात पाच चाव्या लखलखल्या.

“काल संध्याकाळी बेडगे दारात हजर. म्हणाले, ‘सगळे तुमच्याकडेच ठेवतात म्हणे. माझीही असू दे.’”

बाबांनी चाव्या एकेक करून मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग मांडीवर थाप मारून खदखदून हसले.

“मग मास्तर, विकलंस तरी काय?”