डावा डोळा लामांच्या घरचा

रविवार, सकाळचे सव्वादहा. माझगावच्या गोदीमागची चिनी गल्ली, अकरा नंबरची भिंत. हातात सुशोभन समितीचा छापील नकाशा घेतलेली वीस-बावीस माणसे भिंतीसमोर उभी होती. भिंतीवर दोन मजले उंच चेहरा आहे, हो सेंग या चिनी रंगाऱ्याचा. खाली पाटी आहे: ‘गल्लीच्या चित्रपरंपरेचा जनक’. या फेरीत वाटाड्या नसतो. नकाशा बघायचा, बाण दिसेल तिकडे वळायचे, फोटो काढायचा आणि पुढच्या नंबरला जायचे. नकाशा सांगत नाही ते विचारायचे कोणाला, याची सोय समितीने केलेली नाही.

ती सोय लामकाकू करतात, कोणी न सांगता. वय अठ्ठ्याहत्तर, भिंतीला लागून त्यांचे केशकर्तनालय आहे. त्या दिवशी त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

“आजी, फोटोतून जरा बाजूला होता का?” डोंबिवलीहून आलेले एक गृहस्थ म्हणाले.

“का हो? चिनी गल्लीच्या फोटोत चिनी बाई चालत नाही?”

“अरे वा, मराठी छान बोलता!”

“मग काय, चिनीत बोलून भायखळ्याला मेथी मिळते का? इथेच जन्मले, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकले. या, बसा. नकाशात अर्धीच गोष्ट आहे, उरलेली मी सांगते.”

गल्लीत एक रिवाज आहे. कोणताही चेहरा काढला, की त्याचे दोन्ही डोळे एका हाताने काढायचे नाहीत. डावा डोळा लामांच्या घरचा, उजवा हो घराण्याचा. एकाने काढायचा, दुसऱ्याने खाली उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडायचे: “सरळ!” तोवर चित्र पुरे होत नाही. हे कसे सुरू झाले, याबद्दल काकूंच्या घरात असे सांगतात:

फार पूर्वी, गोदीत शिडाची गलबते येत तेव्हा, काकूंचे पूर्वज लाम क्वाई गलबतांचे डोळे रंगवत. चिनी गलबताच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन्ही अंगांना डोळे काढलेले असत. डोळ्यांशिवाय गलबताला वाट दिसत नाही. त्यातही नियम होता. माल नेणाऱ्या गलबताच्या डोळ्यातली बाहुली समोर बघते, मासेमारीच्या होडीची खाली, पाण्यात. बोटभर फरक, पण त्यावर माणसांचे जीव अवलंबून.

हो सेंग त्यांच्याच गावचा, मागाहून आलेला. ब्रश कसा धरायचा, काजळी तेलात किती घोटायची, सगळे क्वाईंनी शिकवले. तीन वर्षांत गलबतांचे प्रमुख, तांडेल, येऊन विचारू लागले, सेंग कुठे आहे? माझगावचे कोळीसुद्धा आपल्या होड्या त्याच्याकडे आणू लागले म्हणे. सेंगने काढलेला डोळा धक्क्यावरून चालणाऱ्या माणसाबरोबर वळतो, असे लोक म्हणत. क्वाईंनी एकदा मुद्दाम त्याच्यासमोरून चालून पाहिले. डोळा वळला. मग ते स्वतः रंगवलेल्या गलबतासमोरून चालले. तो डोळा जागचा हलला नाही. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना.

“तुम्हीच शिकवलंत ना त्याला?” बायको समजावत असे. “मग त्याचं कौतुक ते तुमचंच.”

“कौतुक काय भात आहे, वाटून घ्यायला?” ते म्हणत.

सेंगची बायको कँटनला होती. तिला आणायला इथून गलबत निघायचे ठरले तेव्हा त्याचे डोळे सेंगने जीव ओतून काढले. शेवटची एक बाहुली तेवढी काढायची ठेवली, डावी. भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर त्याने क्वाईंच्या हातात ब्रश दिला आणि म्हणाला, “दादा, ही तुम्ही लावा. तुमचा आशीर्वाद असू दे.”

क्वाईंनी ती बोटभर खाली लावली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणाच्या लक्षात आले नाही, असे क्वाईंना वाटले. गलबत गेले, आणि परतीच्या वाटेवर, किनारा दिसत असताना, भर उन्हात, वारा पडलेला असताना खडकावर चढले. एक डोळा वाट बघत होता, दुसरा मासे, असे म्हणतात. कोळ्यांनी होड्या घालून नऊ जणांना काढले. सेंगची बायको त्यांत नव्हती.

तेराव्या दिवशी क्वाई गल्लीतल्या देवळासमोर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “ती बाहुली मी मुद्दाम खाली लावली. मला त्याचं बघवत नव्हतं.”

लोक धावून गेले. सेंगने त्यांना अडवले. तो म्हणाला, “मी त्याच दुपारी पाहिलं होतं. तुमचा मान राखायचा म्हणून गप्प बसलो. तिला आपण दोघांनी मारलं.”

तिथेच दोघांनी शपथ घेतली. डोळे दोन हातांनी काढायचे, आणि बघणाऱ्याने मान राखत बसायचे नाही, तोंडाने बोलायचे. पुढे सेंगने दुसरे लग्न केले. मग गलबते बंद झाली, डोळे भिंतींवर आले. रिवाज तोच राहिला.

इथे काकू थांबल्या. अकरा नंबरचे दोन्ही डोळे समितीने बाहेरून बोलावलेल्या एकाच चित्रकाराने काढले आहेत. नकाशात सेंग आहे, त्याच्या टोरंटोत स्थायिक झालेल्या वंशजांचा फोटो आहे. लाम हे नाव कुठेच नाही.

“बासष्टच्या लढाईनंतर माझे वडील दर आठवड्याला चौकीत हजेरी लावायचे, तरी गल्ली सोडली नाही,” काकू म्हणाल्या. “सेंगचे लोक गेले टोरंटोला, आणि भिंतीवर तेच! हो, जळते मी. आमच्या घरात ते नवीन नाही. पण आमच्या माणसानं पाप केलं तसं चारचौघांत कबूलही केलं. निदान तेवढं तरी छापा.”

डोंबिवलीच्या गृहस्थांनी मान वर करून बराच वेळ पाहिले. “पण आजी, दोन्ही डोळे सरळच दिसतात की.”

“असतील. पण तसं म्हटलं का कोणी?”

मग खुर्ची आत ओढता ओढता त्या हसल्या. “बारा फुटी शिडी आहे माझ्याकडे. बोर्ड पुसायला लागते. कधी कधी वाटतं, चढावं आणि ती बाहुली बोटभर खाली आणावी. पुन्हा तेच? नको.”

शिडीला हात लावण्याऐवजी त्यांनी समितीला तीन अर्ज केले आहेत. मागणी एकच: डावा डोळा पुसून लामांच्या हाताने काढू द्यावा आणि हो घराण्याच्या कोणीतरी, फोनवर का होईना, “सरळ” म्हणावे. टोरंटोची मंडळी त्याला तयार आहेत. त्यांचे पत्र मी वाचले आहे.

आजही गल्लीत, अगदी बालवाडीच्या भिंतीवर सूर्याला चेहरा काढायचा झाला, तरी दोन हात लागतात, हो घराण्याच्या जागी एखादा शेजारी उभा राहतो आणि खालून आरोळी येते. अकरा नंबरला आलेली नाही. काकूंच्या अर्जांना मार्चमध्ये एका ओळीचे उत्तर मिळाले: ‘पूर्ण झालेल्या चित्रात बदल करता येणार नाही.’ अध्यक्ष म्हणतात, पत्र सचिवांचे. सचिव म्हणतात, मी तेव्हा रजेवर होतो. चित्रकार म्हणतो, मला कोणी विचारलेच नाही. पत्रावर समितीचा शिक्का आहे. सही कोणाचीच नाही.