तर्जनीचं नख

नगराध्यक्षांच्या पत्नी चित्रलेखावहिनी बोलू लागल्या की अख्खी पेठ मान खाली घालायची. त्या दिवशी त्या तणतणत नजमाच्या नेल पार्लरमध्ये शिरल्या, तेव्हा आधी बसलेल्या बायका आपोआप उठून उभ्या राहिल्या.

“परवा बसवलेलं अ‍ॅक्रिलिकचं खोटं नख आज सुटायला आलं!” काउंटरच्या काचेवर बोट आपटत वहिनी गरजल्या. “तुझं काम कच्चं आहे, असं सगळ्यांसमोर कबूल कर. नाहीतर उद्या दुकानाला कुलूप!”

न केलेली चूक कबूल करणं नजमाच्या रक्तात नव्हतं. तिनं वहिनींचे दोन्ही हात निरखले. बाकीची नखं दगडासारखी घट्ट होती. सुटत आलं होतं ते एकट्या उजव्या तर्जनीचं.

“पुन्हा बसवून देते, वहिनीसाहेब. सुटणार नाही. फक्त एक पथ्य पाळावं लागेल.”

“भांडी घासायची नाहीत, हेच ना? माझ्याकडे नोकर आहेत त्याला!”

“ते नाही. कुणावर ओरडताना हात पाठीमागे बांधायचे.”

“तू मला शिकवणार?” वहिनींनी पुन्हा काचेवर बोट आपटलं, आणि नख टणकन उडून नजमासमोर पडलं.

बायकांनी पदर तोंडाला लावले.

नजमानं ते नख उचलून वहिनींच्या तळहातावर ठेवलं. “काम कच्चं असतं तर दहाही सुटली असती. नऊ बोटं गप्प बसली, त्यांची टिकली. आता कुलूप दुकानाला लावायचं की या बोटाला, ते तुम्हीच सांगा.”