बोलावणारा बाद

हा समोरचा कातळाचा सडा, हेच आमचं मैदान. जपून चाला, पडलात तर गुडघे फुटतील. क्रिकेट सगळीकडे चालतं तसंच इथंही चालतं, नियम तेवढा एक आमचा आहे. कुणी धावचीत झाला, तर बाहेर जायचं ते हाक मारणाऱ्यानं. पाहुणे हसतात. हसा, पण आधी ऐका.

शंभरावर वर्षं झाली. नरहर दाबके आणि त्र्यंबक ओक, दोघे याच सड्यावर खेळायला शिकले. त्र्यंबकानं "ये" म्हटलं की नरहर चेंडूकडे न बघता धावायचा, असं सांगतात. पुढे दोघे मुंबईला कॉलेजात गेले. विद्यापीठाच्या संघात एकच जागा उरली होती आणि निवडीच्या सामन्यात हे दोघेच जोडीनं फलंदाजी करत होते. नरहर एकसष्टवर होता म्हणे. चेंडू त्याच्या मागे गेला आणि त्र्यंबक समोरून ओरडला, "ये!" नरहर निघाला. त्र्यंबक जागचा हलला नाही. मागे नरहरच्या यष्ट्या उडाल्या. निवड करणाऱ्यांनी विचारलं, तेव्हा त्र्यंबक म्हणाला, "मी बोलावलंच नव्हतं. यालाच धीर नाही."

जागा त्र्यंबकाला मिळाली. नरहर गावी परतला, शाळेत मास्तर झाला. कुणी त्र्यंबकाला शिव्या घातल्या की मास्तर म्हणत, "अरे, गडबडीत हाक मारली असेल, मग विसरला असेल." वीस वर्षं हेच. केसानं गळा कापणाऱ्याची कसली बाजू घ्यायची? मला तर अजून राग येतो.

मग त्र्यंबकराव मोठे साहेब होऊन गावी आले. गावानं कौतुकानं सामना ठेवला, मास्तर पंच झाले. साहेबांच्या जोडीला भिकू पोस्टमन खेळत होता. चेंडू भिकूच्या मागे गेला, साहेब ओरडले, "ये!" भिकू धावला. साहेब जागेवरच. यष्ट्या उडाल्या, आणि साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मी बोलावलंच नव्हतं."

हाक तर साऱ्या गावानं ऐकली होती.

मास्तरांनी बोट वर केलं, ते साहेबांकडे बघून. "बोलावणारा बाद."

"हा कुठला नियम, नरहर?"

"इथला."

साहेब तणतणत सडा उतरले. लोक मास्तरांना खांद्यावर घ्यायला धावले, तर मास्तर कातळावर मटकन बसले होते. म्हणाले, "तो विसरला असेल, एवढ्यावर मी वीस वर्षं काढली रे. आता तेही गेलं."

आजही या सड्यावर माणूस आधी स्वतः पाऊल टाकतो, मगच दुसऱ्याला "ये" म्हणतो.