मोगरी कुणाच्या हाती?

एकदा एका हुशार शिष्येला आपल्या वृद्ध गुरूंचा मनातून राग आला.

शिष्येचं नाव भार्गवी. वीस जणांना हाताशी धरून तिने एक कृत्रिम बुद्धिमत्ता घडवली होती. पाड्यावरच्या नर्सताईने मोबाइलवर विचारावं आणि बाळाला औषध किती द्यावं, ते यंत्राने मराठीत सांगावं. एकोणीस जण घडवणारे. तपासणारी एकटी कुमुदिनी. शुभारंभ दोन दिवसांवर आला, आणि कुमुदिनी म्हणाली, "ताई, थांबा. तान्ह्या बाळांची मात्रा ते कधीकधी चुकवतंय, आणि चुकतानाही ठासून बोलतंय. तपासायला आणखी माणसं द्या."

भार्गवी तडक गुरूंकडे गेली. ते गावच्या रामरथाचे मानकरी. त्या दिवशी रथोत्सवच होता.

"दाजीकाका, घडवणारे हातच कमी पडतायत. अडवणारे कशाला वाढवू?"

"आधी रथ ओढून ये, पोरी," काका हसले.

त्या रथाला ब्रेक नव्हता. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर सरकवायची. तिच्यानेच तो वळायचा, थांबायचा. काकांनी दोरावरच्या शंभर जणांतून सगळ्यात दणकट भिवाला बाहेर बोलावलं आणि त्याच्या हाती मोगरी दिली.

"काय काका, वाघाला पाटावर बसवलंत!" पोरं ओरडली.

भार्गवीलाही ते पटेना. एवढं बळ वाया! रागारागानेच तिने दोर धरला.

जयघोषात रथ निघाला. देवळाच्या उतारावर तो आपसूक धावू लागला. ओढणाऱ्यांच्या नजरा पुढे. मागचं कुणाला दिसेना. दोर सैल पडला, भार्गवीच्या पायात अडकला, आणि ती चाकासमोर कोसळली.

धाडकन आवाज झाला. रथ करकरत थांबला. तिच्यात आणि चाकात वीतभर अंतर होतं, आणि तिथे भिवाची मोगरी होती.

"उठा ताई," भिवा धापा टाकत म्हणाला, "रामाला उशीर होतोय."

मोगरी निघाली, रथ वाजतगाजत देवळी पोहोचला.

आरती झाल्यावर काका म्हणाले, "भिवाने बारा वर्षं दोर ओढलाय. रथ कधी उधळेल, हे त्याला आधी कळतं. नवख्याची मोगरी वीतभर उशिरा पडली असती."

"मग मोगरीवरच माणसं वाढवावीत का?"

"एकदा भीतीपोटी तेही केलं. दुपारपर्यंत रथ जागचा हलेना, रामराया उन्हात! चाकाला दोघं पुरेत. पण ती जाणती हवीत, आणि त्यांनी थांब म्हटलं की शंभरांनी थांबायला हवं."

भार्गवीने तिथूनच फोन लावला. "कुमुदिनी, आपले सगळ्यात तरबेज दोघं उद्यापासून तुझ्यासोबत. तू हो म्हटल्याशिवाय शुभारंभ नाही."

"ताई, खरंच?"

"खरंच. पेढ्यांचं मात्र तूच बघ."

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी कुमुदिनीने हो म्हटलं. पहिला प्रश्न एका दूरच्या पाड्यावरून आला: तान्ह्याला ताप आहे, औषध किती? वीसही जण श्वास रोखून पडद्याकडे बघत होते. उत्तर उमटलं, "आधी बाळाचं वजन सांगा. त्याशिवाय मी मात्रा सांगणार नाही."

खोलीत असा जल्लोष झाला, जणू रथच देवळी लागला! त्यात घडवणाऱ्यांचा आवाज कुठला आणि तपासणाऱ्यांचा कुठला, हे कुणालाच ओळखू येईना. भार्गवीने डोळे मिटून हात जोडले.

बाई गं, आपल्याही घरात वेळीच "थांब" म्हणणारं जे माणूस आहे, आज नैवेद्याचं पहिलं ताट त्याला वाढावं.